पीटर लोरे : खलनायकाच्या चेहऱ्यामागचा निर्वासित

शाळेत स्नेहसंमेलनाच्या ऐतिहासिक नाटकात मला सलग तीन वर्षं खान मिळाला. पहिल्या वर्षी अफजलखान, दुसऱ्या वर्षी शाहिस्तेखान आणि तिसऱ्या वर्षी नुसताच ‘एक मोगल सरदार’. दाढी मात्र तिन्ही वर्षं तीच. बाईंनी ते मुद्दाम केलं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. “तुझं उर्दू छान आहे रे,” एवढंच त्या म्हणायच्या. आमच्या घरी दखनी बोलायचे, उर्दू नव्हे. पण हे बाईंना सांगणार कोण? नाटक संपलं की दाढी उतरायची, पण पुढचे दोन-तीन महिने मैदानावर मी ‘खान’च असायचो. गमतीत. एकदा त्या गमतीचा मला राग आला, मारामारी झाली आणि अंगठे धरून उभं राहण्याची शिक्षा दोघांनाही मिळाली.

हे सगळं मी विसरून गेलो होतो. मग काही वर्षांपूर्वी एका जर्मन प्रचारपटाविषयी वाचताना पीटर लोरेचं नाव आलं. तोवर हा नट मला ‘कासाब्लांका’मधला बटबटीत डोळ्यांचा, घाम पुसत बोलणारा बुटका माणूस एवढाच माहीत होता. त्याच्या एका भूमिकेचं पुढे काय करण्यात आलं हे कळलं, तेव्हा मला ती दाढी आठवली. दोन गोष्टींची तुलना होऊ शकत नाही. माझी गोष्ट मैदानावर संपली, त्याची संपली नाही.

लोरेचं खरं नाव लास्लो लोवेनस्टाईन. जन्म २६ जून १९०४, रोझाहेज नावाच्या गावी. तेव्हा ते ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होतं, आज स्लोव्हाकियात आहे. घर ज्यू, बोलणं जर्मन. वडील हिशेबनीस. आई तो लहान असतानाच वारली. पुढे कुटुंब व्हिएन्नात आलं, मुलगा बँकेत नोकरीला लागला आणि नोकरीत त्याचं मन रमेना. त्या काळात व्हिएन्नात याकोब मोरेनो नावाचा डॉक्टर संहितेविना नाटकं करायचा. मानसोपचारात आज ‘सायकोड्रामा’ म्हणतात त्याचा हा जनक. लास्लो त्याच्याकडे जाऊ लागला आणि ‘पीटर लोरे’ हे नाव त्याला तिथे मिळालं. ब्रेसलाऊ, झुरिक, पुन्हा व्हिएन्ना अशी भटकंती करत १९२९मध्ये तो बर्लिनला पोचला. तिथे बर्टोल्ट ब्रेख्तने त्याला हेरलं. गोल चेहरा, फुगीर डोळे, मऊ आणि किंचित ओढलेला आवाज. नायकाला लागतं त्यातलं काहीच नाही. ब्रेख्तला तेच हवं होतं.

दिग्दर्शक फ्रिट्झ लांगलाही तेच हवं होतं. ‘एम’ हा त्याचा चित्रपट मे १९३१मध्ये बर्लिनला प्रदर्शित झाला. त्यात लोरेने हान्स बेकर्ट केला. लहान मुलींना फुगे-मिठाई देऊन नेणारा आणि त्यांचा खून करणारा माणूस. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी तो जरूर पाहावा. नव्वदहून अधिक वर्षं झाली तरी शिळा झालेला नाही. खून पडद्यावर कुठेच दिसत नाही. गडगडत गेलेला चेंडू दिसतो, विजेच्या तारांत अडकलेला फुगा दिसतो आणि खुन्याची शीळ ऐकू येते. त्या शिळेवरूनच एक आंधळा फुगेवाला त्याला ओळखतो.

यातला एक प्रसंग माझ्या डोक्यातून जात नाही. शहर भीतीने वेडं झालेलं आहे. रस्त्यात एक लहान मुलगी एका वृद्ध गृहस्थाला किती वाजले ते विचारते. तो सांगतो. लगेच कुणीतरी दरडावतं, तुला तिच्याशी काय करायचंय? बघता बघता गर्दी जमते आणि तो निरपराध म्हातारा तिच्या तावडीत सापडतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं, तेव्हा मला हाच प्रसंग आठवला होता. लांगने गर्दी कशी बनते हे १९३१मध्ये दाखवलं आणि दोन वर्षांच्या आत त्याच्या देशात तिचंच सरकार आलं.

चित्रपटाच्या शेवटी पोलीस नव्हे, शहरातले गुन्हेगारच बेकर्टला पकडतात. एका बंद पडलेल्या कारखान्याच्या तळघरात त्याच्यावर खटला चालवतात. तिथे लोरे गुडघ्यावर येतो आणि काही मिनिटांत सगळा चित्रपट खिशात घालतो. तुम्ही चोर आहात, कारण तुम्हाला तसं व्हायचं होतं. मला मात्र माझ्या आतला तो पाठलाग थांबवता येत नाही, असं त्याचं म्हणणं. त्याचा गुन्हा तसूभरही कमी होत नाही, पण समोर राक्षस नसून माणूस आहे हे प्रेक्षकाला मान्य करावं लागतं. हे करायला फार मोठी ताकद लागते. लोरे तेव्हा सव्वीस-सत्तावीस वर्षांचा होता.

या तळघरातल्या लोकांची पुढची कहाणीही सांगण्यासारखी आहे. दिग्दर्शक लांगने १९३३मध्ये जर्मनी सोडली. पटकथा लिहिणारी त्याची बायको थेआ फॉन हार्बू मागे राहिली आणि नाझी पक्षात गेली. गुन्हेगारांच्या म्होरक्याचं काम करणारा गुस्ताफ ग्रुंडगेन्स गोअरिंगच्या मर्जीतला झाला आणि बर्लिनच्या सरकारी रंगभूमीचा प्रमुख बनला. लोरेने १९३३मध्ये बर्लिन सोडलं. १९३४मध्ये ‘एम’वर जर्मनीत बंदी आली.

बंदी आली म्हणजे विषय संपला, असं कुणालाही वाटेल. पण १९४०च्या नोव्हेंबरमध्ये ‘डेअर एविगे युडे’ म्हणजे ‘शाश्वत ज्यू’ नावाचा प्रचारपट जर्मनीत लागला. दिग्दर्शक फ्रिट्झ हिपलर, मागे गोबेल्सचं प्रचार खातं. पोलंडमधल्या वस्त्यांत कोंडलेल्या, उपाशी, मळलेल्या ज्यूंची चित्रं दाखवून ‘हे असेच असतात’ म्हणायचं आणि लगेच उंदरांचे थवे दाखवायचे, असा तो चित्रपट. त्यात संस्कृतीचा ‘नाश’ करणाऱ्या ज्यू कलावंतांची यादी आहे. चार्ली चॅप्लिनही त्यात आहे. तो ज्यू नव्हता, पण असल्या कामात चौकशी कोण करतो! आणि त्यात ‘एम’मधल्या त्या तळघराचं दृश्य आहे. ज्या चित्रपटावर सहा वर्षांपूर्वी बंदी घातली, त्याचाच तुकडा काढून लावला. निवेदकाचा दावा असा, की हा ज्यू नट बालहत्या करणाऱ्याची भूमिका करतो आणि खुन्याविषयी दया उत्पन्न करून लोकांची न्यायबुद्धी बिघडवतो.

हा वार दुहेरी होता. एकीकडे लोरेचा चेहरा, घाबरलेला, घामेजलेला, खुन्याचा. सामान्य प्रेक्षकाच्या मनात ज्यू आणि बालहत्या ही जोडी बसायला तेवढा पुरे. ज्यू लोक ख्रिश्चन मुलांचे खून करतात ही अफवा युरोपात शतकानुशतकं फिरत होती, तिला आता हलतं चित्र मिळालं. दुसरीकडे त्याचं कसबच गुन्हा ठरवलं. वाईट अभिनय केला असता तर हा आरोप झाला नसता. त्याने खुन्यात माणूस दाखवला, म्हणून तो आणि त्याची जमात खुन्यांची कैवारी.

नटाने वठवलेलं पात्र त्याच्या समाजाच्या नावावर जमा करायचं, ही युक्ती फार जुनी आहे. पण तिचा इतका थंडपणे केलेला वापर माझ्या वाचनात दुसरा नाही. पुढच्या वर्षी सामूहिक हत्याकांड सुरू झालं.

तोवर लोरे खूप दूर गेला होता. व्हिएन्ना, पॅरिस, मग लंडन. सगळ्या निर्वासितांची असते तशी तंगी. लंडनमध्ये हिचकॉकशी भेट ठरली तेव्हा त्याला इंग्रजी जेमतेम येत होतं. हिचकॉक किस्से सांगत होता आणि लोरे त्याच्या चेहऱ्याकडे बघून योग्य जागी हसत होता. काम मिळालं. १९३४च्या ‘द मॅन हू न्यू टू मच’मधले बरेचसे संवाद त्याने अर्थापेक्षा उच्चारावर भर देऊन पाठ केले. आपल्याकडे अरबी न येणारी पोरं कुराणातल्या सूरा पाठ करतात, तसं. पण पडद्यावर तो भाषा न येणारा माणूस वाटत नाही. शब्द तोलून मापून बोलणारा, म्हणूनच अधिक धोकादायक वाटतो. हीच लकब पुढे त्याची ओळख झाली. १९३४मध्येच तो आणि त्याची पत्नी, अभिनेत्री सेलिया लोव्स्की, अमेरिकेला गेले.

हॉलिवूडने त्याचं काय केलं? डोकं भादरून ‘मॅड लव्ह’मध्ये वेडा शल्यविशारद केला. त्याच वर्षी, १९३५मध्ये, ‘क्राइम अँड पनिशमेंट’मध्ये त्याने रास्कोलनिकॉव्ह केला. हिचकॉकच्या ‘सीक्रेट एजंट’मध्ये कुरळ्या केसांचा कुणीतरी ‘जनरल’. देश कोणताही असो, परका हवा असला की लोरे. १९३७ ते १९३९ या तीन वर्षांत ट्वेंटिएथ सेंचुरी फॉक्सने त्याच्याकडून ‘मिस्टर मोटो’चे आठ चित्रपट करवून घेतले. मोटो हा जपानी गुप्तहेर. केस चापून बसवले, गोल चष्मा लावला, की झाला जपानी! हंगेरीत जन्मलेला, जर्मन बोलणारा ज्यू हा अमेरिकन प्रेक्षकांचा लाडका जपानी माणूस होता. खऱ्या जपानी नटाला ते काम द्यावं असं स्टुडिओला वाटलं नाही. १९४२मध्ये त्याच अमेरिकेने सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या माणसांना घरांतून उचलून छावण्यांत ठेवलं. त्यातले बहुसंख्य अमेरिकन नागरिक होते. मोटोची मालिका त्याआधीच बंद पडली होती.

इथे लोरेला दोषमुक्त करण्याची मला घाई नाही. स्वतःच्या चेहऱ्यावरून ज्याची जात ठरवली गेली, त्यानेच दुसऱ्याचा चेहरा चष्म्याने चिकटवून घेतला. पोटासाठी घेतला हे खरं. त्या भूमिकेचा त्याला कंटाळाही आला होता. पण घेतला.

त्याचे सोन्याचे दिवस वॉर्नर ब्रदर्सकडे आले. जॉन ह्यूस्टनचा पहिला चित्रपट ‘द माल्टीज फाल्कन’ १९४१चा. त्यात लोरे जोएल कैरो झाला. नाव इजिप्तच्या राजधानीचं, खिशात वेगवेगळ्या देशांचे पासपोर्ट, कार्डाला अत्तराचा वास. सिडनी ग्रीनस्ट्रीट या अवाढव्य इंग्रज नटाचा हा पहिलाच चित्रपट, तोही एकसष्टाव्या वर्षी. जाड्या आणि बुटक्या ही जोडी इतकी जमली की स्टुडिओने ती आठ-नऊ चित्रपटांत वापरली. त्यातला ‘द मास्क ऑफ दिमित्रिओस’ (१९४४) मला विशेष आवडतो, कारण त्यात लोरे चक्क साध्यासुध्या लेखकाचं काम करतो आणि चित्रपट त्याच्या खांद्यावर चालतो. बाकीचे उत्साही वाचकांनी शोधून पाहावेत.

‘कासाब्लांका’वर मात्र थांबायला हवं. त्यात लोरे मोजून काही मिनिटं आहे. त्याचा उगार्ते दोन जर्मन दूतांचा खून करून प्रवासाचे परवाने मिळवतो, ते रिककडे ठेवायला देतो आणि पकडला जातो. मारला गेल्याची फक्त बातमी येते. पण सगळी कथा त्याच परवान्यांभोवती फिरते. हा परवाने विकणारा माणूस ज्याने साकारला, तो स्वतः परवान्यांसाठी वणवण केलेला होता. आणि तो एकटा नव्हता. नाझी मेजर स्ट्रासर केलेला कॉनराड फाइट ज्यू पत्नीला घेऊन १९३३मध्येच जर्मनीतून बाहेर पडला होता. त्याचं उरलेलं आयुष्य जर्मन खलनायक रंगवण्यात गेलं आणि १९४३च्या एप्रिलमध्ये तो वारला. जुगाराच्या टेबलावरचा एमिल म्हणजे मार्सेल दालिओ. फ्रान्समध्ये तो मोठा नट होता. इथे श्रेयनामावलीत त्याचं नावही नाही. तो देश सोडून गेल्यावर नाझींनी त्याचा फोटो ‘नमुनेदार ज्यू’ म्हणून पोस्टरांवर छापला होता. म्हणजे एका कॅफेच्या सेटवर असे दोन नट होते, ज्यांचे चेहरे नाझींनी स्वतंत्रपणे पुरावा म्हणून वापरले होते.

त्याच कॅफेच्या दारावर अब्दुल उभा असतो. मोरोक्कोत घडणाऱ्या या चित्रपटात लक्षात राहावा असा स्थानिक माणूस जवळपास तेवढाच आणि त्याचं काम केलेला डॅन सेमोर शिकागोत जन्मला होता. बाकीचा मोरोक्को म्हणजे बाजारातली वर्दळ. मी ‘कासाब्लांका’चा चाहता आहे, चार-पाचदा पाहिलाय. तरी प्रत्येक वेळी अब्दुल दार उघडतो तेव्हा वाटतं, अरे, हे गाव याचं आहे आणि परवान्यांच्या या गोष्टीत याला कुणी काही विचारतच नाही.

लोरेने पुढे एक मुसलमान पात्रही केलं. १९४८च्या ‘कास्बाह’मध्ये तो अल्जीयर्सचा पोलीस इन्स्पेक्टर स्लिमान आहे. फ्रेंचांच्या नोकरीतला स्थानिक अंमलदार. पेपे ल मोको हा चोर कास्बाहच्या गल्ल्यांत सुरक्षित आहे, बाहेर आला की पकडायचा. तोवर त्याच्याशी दोस्तीने बोलत राहायचं आणि वाट पाहायची. चित्रपट बेताचा, गाणीबिणी असलेला. पण लोरेचा स्लिमान ना कपटी मौलवी आहे ना भोळा खादिम. थकलेला, हुशार, आपल्या सावजाची थोडी माया वाटणारा नोकरदार आहे. हॉलिवूडच्या त्या काळातल्या अरबांमध्ये इतकी माणुसकी क्वचित दिसते.

या वेळेपर्यंत त्याची उतरण लागली होती. वॉर्नरशी करार संपला. तरुणपणीच्या आजारपणात आणि शस्त्रक्रियेच्या वेळी लागलेलं मॉर्फिन सुटत नव्हतं. ब्रेख्तला अमेरिकेत त्याने शक्य तेवढी मदत केली होती, पण तोही १९४७च्या ऑक्टोबरमध्ये संसदीय चौकशी समितीपुढे साक्ष देऊन दुसऱ्याच दिवशी देश सोडून गेला. १९४९मध्ये लोरेचं दिवाळं निघालं. मग त्याने एक अजब गोष्ट केली. तो जर्मनीला परतला.

तिथे त्याने आयुष्यातला एकमेव चित्रपट दिग्दर्शित केला. ‘डेअर फेरलोरेने’, म्हणजे ‘हरवलेला’. वर्ष १९५१. मुख्य भूमिका त्याचीच. डॉ. रोटे हा युद्धकाळातला शास्त्रज्ञ. आपली वाग्दत्त वधू संशोधनाची गुपितं बाहेर देते हे कळल्यावर तो तिचा खून करतो. त्याचं संशोधन सरकारला हवं असतं, म्हणून सरकार खून झाकतं. शिक्षा नाहीच. आणि एकदा शिक्षा झाली नाही की त्याच्यातला खुनी मोकळा सुटतो. युद्धानंतर तो निर्वासितांच्या छावणीत नाव बदलून डॉक्टर म्हणून राहतो आणि तिथे त्याचा जुना, सगळं ठाऊक असलेला सहकारी समोर येतो. शेवटी रोटे त्याला गोळी घालतो आणि स्वतः येणाऱ्या रेल्वेगाडीकडे पाठ करून रुळावर उभा राहतो.

‘एम’मधल्या खुन्याला लोकांनी पकडलं होतं. इथल्या खुन्याला कुणी पकडतच नाही, कारण ज्यांनी पकडायचं त्यांचे हात कोपरापर्यंत रक्तात. लोरेला जे म्हणायचं होतं ते याहून स्पष्ट कसं म्हणता येईल मला कळत नाही. पण १९५१च्या जर्मनीला ते ऐकायचं नव्हतं. सहा वर्षांपूर्वीचं विसरून लोक घरं बांधत होते, कारखाने चालू करत होते. चित्रपट पडला. लोरे अमेरिकेला परतला आणि पुन्हा कधी त्याने दिग्दर्शन केलं नाही.

उरलेली बारा वर्षं त्याने मिळेल ते केलं. वजन खूप वाढलं होतं. ह्यूस्टनच्या ‘बीट द डेव्हिल’मध्ये तो ओ’हारा नावाचा, चिलीहून आलेला, जर्मन उच्चाराचा माणूस आहे. परकेपणाची इतकी मोठी थट्टा दुसऱ्या कुणाला झेपली नसती. १९५४मध्ये टीव्हीवर ‘कसिनो रोयाल’ झालं, त्यात तो ल शिफ्र होता, म्हणजे जेम्स बाँडचा पडद्यावरचा पहिला खलनायक लोरेच. शेवटी रॉजर कॉर्मनच्या स्वस्तातल्या भयपटांत व्हिन्सेंट प्राइसबरोबर त्याने धमाल केली. ‘द रेव्हन’ (१९६३) पाहा. त्यात त्याच्या मुलाचं काम कोवळ्या जॅक निकल्सनने केलंय. आपल्या धंद्याला लोरे ‘तोंडं वेडीवाकडी करणं’ म्हणायचा. कार्टूनवाल्यांनी ती तोंडं आणि तो आवाज केव्हाच उचलला होता. ज्यांनी लोरेचा एकही चित्रपट पाहिला नाही अशा पोरांनाही तो आवाज ओळखीचा असायचा.

एका इसमाने तर कोर्टात अर्ज केला, की माझं नाव बदलून लोरेसारखं करून द्या. १९६३मध्ये लोरेला स्वतः विरोधात उभं राहावं लागलं. कोर्टाने अर्ज फेटाळला. काही महिन्यांनी, २३ मार्च १९६४ रोजी, लोरे गेला. वय ५९. त्यानंतर तो इसम लोरेचा मुलगा म्हणून वावरू लागला. लोरेला एकच अपत्य होतं, आणि ती मुलगी.

मागच्या रमजानमध्ये तरावीहनंतर झोप येईना म्हणून मी ‘एम’ पुन्हा लावला. भाचा शेजारी येऊन बसला. नववीतला आहे, काळ्या-पांढऱ्या चित्रपटांना नाकं मुरडतो, पण ती शीळ सुरू झाली आणि त्याने मोबाइल बाजूला ठेवला. तळघराच्या प्रसंगात तो माझ्याकडे वळून म्हणाला, “मामू, हा माणूस खरंच असाच होता का?”

मी त्याला सांगितलं की ती शीळ लोरेची नाहीच. त्याला शीळ वाजवता येत नव्हती. ती दिग्दर्शकाने वाजवली आहे म्हणतात.